गुन्हेगारी की दहशतवाद?

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोतील सहा अमली पदार्थांच्या टोळ्यांना दहशतवादी संघटना ठरविले. पैशासाठी माणसे मारणाऱ्यांना हे नाव द्यावे काय? उत्तरासाठी आम्ही कोलंबियाच्या इतिहासाकडे वळतो.

तेथील मेदेयीन टोळीला सर्वांत मोठे भय होते ते अमेरिकेकडे प्रत्यार्पण होण्याचे. प्रत्यार्पणाचे पुरस्कर्ते, अध्यक्षपदाचे उमेदवार लुईस कार्लोस गालान यांची १८ ऑगस्ट १९८९ रोजी हत्या झाली. २७ नोव्हेंबरला बाँबने आविआंकाचे विमान पाडले गेले. विमानातील १०७ आणि जमिनीवरील ३ जण प्राणास मुकले. त्या प्रवाशांशी टोळीचे कसले वैर होते? धाक घालावयाचा होता तो सरकारला. १९ जून १९९१ रोजी संविधान सभेने जन्माने कोलंबियन असलेल्यांचे प्रत्यार्पण निषिद्ध ठरविले आणि त्याच दिवशी पाब्लो एस्कोबार शरण आला. मध्यस्थी केली होती फादर राफाएल गार्सिया एर्रेरोस या वृद्ध धर्मगुरूंनी. (त्यांना दोष देण्यास आमची जीभ धजत नाही.) राज्याचा कायदा वाकविण्यासाठी निरपराधांचे बळी घेणे हा आमच्या मते दहशतवादच.

मात्र २४ मे १९९३ रोजी मेक्सिकोतील ग्वादलाहारा विमानतळावर कार्डिनल पोसादास ओकाम्पो गोळ्यांना बळी पडले. ते टोळ्यांच्या आपसातील चकमकीत सापडले, असे सरकारने सांगितले; तेथील ख्रिस्तसभेतील अनेकांना ते पटले नाही. त्या हत्येला नाव देण्यास आम्ही अद्याप कचरतो.