शैक्षणिक दाननिधी, दक्षिण कोकणातील

शैक्षणिक दाननिधी म्हणजे एखाद्या शैक्षणिक प्रयोजनासाठी दात्याने कायमची दिलेली व जिचे मुद्दल न मोडता केवळ उत्पन्न खर्च करावयाचे असते, अशी रक्कम अथवा मिळकत. चालू खर्चासाठी दिलेली देणगी एकदा उपयोगी पडून संपते. दाननिधी दात्याच्या पश्चात चालू राहावा, अशी अपेक्षा असते. सार्वजनिक शाळेत शिक्षकांचे वेतन शासन देते. परंतु ग्रंथालय, प्रयोगशाळेतील उपकरणे, चित्रकलेच्या परीक्षांची फी, शिष्यवृत्ती परीक्षांसाठी जादा वर्ग, विज्ञान प्रदर्शन, स्नेहसंमेलनातील पारितोषिके यांना शासकीय अनुदान पुरत नाही. हा वरचा भाग बहुधा देणग्यांवर व ठेवींच्या व्याजावर उभा असतो. सध्याच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विशेषतः मालवण किनाऱ्यावर, ही पद्धत चांगली रुजलेली आढळते. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. तत्पूर्वी ब्रिटिश अंमलात मालवण व वेंगुर्ले हे भाग रत्नागिरी जिल्ह्यात होते, तर सावंतवाडी हे स्वतंत्र संस्थान होते.

महाराष्ट्रात विद्येसाठी राखून ठेवलेल्या द्रव्याचे जुने उदाहरण म्हणजे पुण्यातील दक्षिणा. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी सुरू केलेले हे श्रावणमासातील दान पुढे पेशव्यांनी चालविले. काटेकोर अर्थाने हा दाननिधी नव्हे, कारण त्यामागे राज्याचा महसूल होता, वेगळे मुद्दल नव्हते. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने ही रक्कम पूर्णपणे बंद न करता तिचा काही भाग शिक्षणाकडे वळविला. १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली, ती याच पैशातून. १८४९ मध्ये पुण्यातील सुधारकांनी दक्षिणेतील पैसा मराठी ग्रंथरचनेस मिळावा, असा अर्ज केला. शास्त्रीमंडळींचा त्यास कडवा विरोध होता. तरीही लवकरच मराठी ग्रंथांना दक्षिणा पारितोषिके मिळू लागली व पुढे महाविद्यालयांत दक्षिणा अधिछात्रवृत्त्या निर्माण झाल्या. दानाचा मूळ हेतू कोठवर पाळावा व काळ बदलल्यावर तो कोणी बदलावा, हा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम ठळकपणे उपस्थित झाला तो येथे. या बदलाचा लाभ झालेल्या पहिल्या पिढीत महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) यांच्याबरोबर मालवण येथे जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर (१८३७–१९२५) हेही होते. त्यांचे वडील महसूल खात्यात कारकून होते. मालवणसारख्या बंदरातील अशा घरातला मुलगा संस्कृत विद्येत जगभर मान्यता पावला. अधिछात्रवृत्ती नसती, तर उपजीविकेसाठी त्याला अध्ययन लवकर सोडावे लागले असते, हे संभवनीय आहे.

मुंबईत नागरिकांनी स्वतः उभारलेल्या निधींची परंपरा १८२७ पासून दिसते. एल्फिन्स्टन निवृत्त होत असता त्याच्या स्मरणार्थ दोन लाखांहून अधिक रुपये जमले व त्यांतून इंग्रजी भाषा, शास्त्रे व कला यांच्या अध्यापनाची सोय झाली. मॅट्रिक परीक्षेत संस्कृतात उत्कृष्ट ठरणाऱ्यांसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती तर महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांच्या महत्त्वाकांक्षेचा विषय होती. १९१२ मध्ये ती चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांना मिळाली. या शिष्यवृत्तीने शाळांतील संस्कृताच्या अभ्यासाला जी प्रतिष्ठा दिली, ती कोणत्याही शासकीय परिपत्रकाने मिळाली नसती.

दक्षिण कोकणात मोठी शेती अथवा कारखानदारी नसल्यामुळे दानाचे द्रव्य बव्हंशी बाहेरून आले. भात, नारळ व मासळी यांवर गुजराण करणाऱ्या कुटुंबांतील कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, कचेऱ्यांत व पेढ्यांवर नोकरीस जात. त्यांच्या मनीऑर्डरींवर घरे चालत आणि त्यांच्या वर्गण्यांवर गावचे देऊळ, वाचनालय व शाळा. मुंबईत व्यापारात यशस्वी झालेल्या कोकणी गृहस्थांत अनंत शिवाजी देसाई यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. टोप्यांच्या व्यवसायामुळे ‘टोपीवाले’ हे आडनाव त्यांना चिकटले. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छापील प्रती प्रसिद्ध करणारे म्हणूनही ते परिचित होते. मालवण येथील टोपीवाला हायस्कूल त्यांचे नाव धारण करते. मुंबईच्या नॅशनल मेडिकल कॉलेजच्या (स्थापना १९२१) नावामागील ‘टोपीवाला’ हा शब्दही याच घराण्याच्या दानाचा निदर्शक आहे. एकाच घराण्याची दोन दाने. पण मुंबईतील महाविद्यालय १९४६ मध्ये नगरपालिकेकडे गेले व त्याचा भार सार्वजनिक तिजोरीने उचलला, तर गावाकडील शाळांना अनुदानाच्या जोडीला वर्गणीही गोळा करीतच राहावे लागले.

एकट्या धनिकापेक्षा मंडळांचे दान या प्रदेशात अधिक व्यापक आहे. एका गावचे मुंबईस्थित चाकरमानी एकत्र येऊन मंडळ स्थापीत, मुंबईत नाटकांचे प्रयोग लावून तिकिटांचा पैसा जमवीत व गावी हायस्कूल काढीत. आचरे येथील शाळा चालविणारी ‘धी आचरा पीपल्स असोसिएशन, मुंबई’ ही संस्था आपल्या नावातच हे नाते सांगते. मालवणातील भंडारी हायस्कूलसारख्या शाळांमागे विशिष्ट समाजाचे संघटन होते. मात्र अनुदान घेणाऱ्या शाळेचे दार सर्वांना खुले ठेवावे लागे. अशा शाळांच्या दिवाणखान्यात अथवा व्हरांड्यात देणगीदारांच्या नावांचा फलक असतो. आईच्या, वडिलांच्या किंवा अकाली वारलेल्या मुलाच्या नावे ठेवलेली छोटी ठेव, तिच्या व्याजातून गणितात पहिल्या येणाऱ्यास बक्षीस, गरीब मुलीस वह्या, असा तिचा विनियोग ठरलेला असतो. गणेशचतुर्थीस अथवा मे महिन्यात गावी आलेला दाता स्वतः बक्षीस देतो, तेव्हा त्या लहानशा रकमेला पैशापलीकडचे मोल येते.

कायद्याच्या दृष्टीने अशा निधींना दोन आधार लाभले. १८९० च्या धर्मादाय दाननिधी अधिनियमानुसार निधी शासननियुक्त कोषपालाकडे निहित करता येतो. कोषपाल फक्त तो सांभाळतो व उत्पन्न पोहोचवितो, खर्चाची योजना इतरांनी राबवावयाची असते. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने न्यासांची नोंदणी, हिशेबतपासणी व सुरक्षित गुंतवणूक सक्तीची केली. पैसा बुडू नये, हा या तरतुदींचा हेतू सफल झाला. परंतु त्यांतूनच एक दुखणे उद्‌भवले. सुरक्षित गुंतवणूक म्हणजे सरकारी रोखे व बँकेतील ठेव. पूर्वी शेकडा साडेतीन दराच्या रोख्यांत गुंतविलेल्या एक हजार रुपयांचे वार्षिक व्याज ३५ रुपये होई व त्यात एका होतकरू मुलाची वर्षभराची फी आणि पुस्तके यांस चांगला हातभार लागे. आज तेवढ्याच मुद्दलावर दुप्पट व्याज धरले, तरी एक बरा शब्दकोशही येत नाही. मुद्दल अबाधित राहिले आणि दान मात्र संपले. कित्येक शाळांत अशा ठेवींची बक्षिसे आता केवळ नावापुरती उरली आहेत. ती एकत्र करून एखादा उपयुक्त निधी करावा म्हटले, तर दानपत्रातील अटी व दात्याच्या वारसांच्या भावना आड येतात. न्यासाचा हेतू मूळ हेतूच्या जवळचा असा बदलून देण्याचा अधिकार न्यायालयास आहे, परंतु काही शे रुपयांच्या ठेवीसाठी न्यायालयाची पायरी कोण चढणार?

याहून गंभीर प्रश्न विषमतेचा आहे. ज्या गावाची माणसे मुंबईत सुस्थितीत आहेत, त्या गावच्या शाळेला सभागृह, संगणक व ग्रंथालय मिळते. ज्या वाडीतून मोलमजुरीसाठीच माणसे गेली, तिच्या शाळेसाठी देणगी मागावयास मुंबईत कोणी नसते. १९८३ मध्ये राज्यात सुरू झालेल्या सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजनेने दान शाळेऐवजी गरजू मुलीशी जोडले, हा या दोषावरचा एक शहाणपणाचा उपाय होता.

अलीकडे दानाचे स्वरूपच पालटले आहे. २०१३ च्या कंपनी अधिनियमानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावी लागते. मात्र २०२१ पासून ती कायम निधीत घालता येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या शाळा दत्तक योजनेतही दात्याने शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठीच स्वीकारावयाची असून त्याची मदत रोख नव्हे, तर वस्तू व सेवा या रूपाने अपेक्षित आहे. त्याचे नाव मात्र त्या मुदतीपुरते शाळेस जोडता येते. जिल्हा परिषदेच्या ज्या शाळांत पट वीसच्या आत आला आहे, अशा सिंधुदुर्गातील वाड्यांकडे कोणी मोठा दाता वळेल, हे कठीणच. तेथे अजूनही जुनीच रीत चालते : माजी विद्यार्थी चतुर्थीला गावी येतात, शाळेत जमतात, छपराची कौले व ग्रंथालयाची कपाटे पाहतात आणि वर्गणीची यादी करतात.