मूळव्याधीचे चार उपाय



ताप आला तर मनुष्य तो चारचौघांत सांगतो. दाढ दुखूं लागली तर गालावर हात ठेवून न बोलतांही सांगतो. परंतु मूळव्याध झाली तर ती घरच्या माणसांसही सांगत नाहीं. ह्या मौनामुळें जेवढें नुकसान होतें, तेवढें पुष्कळदां खुद्द रोगामुळेंही होत नाहीं. आपल्या प्राचीन वैद्यांनीं ही लाज बाळगिली नव्हती. त्यांचीच साक्ष काढून ह्या रोगाचा, विशेषतः बाहेरच्या मूळव्याधीचा, इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

संस्कृत वैद्यकांत ह्या रोगास अर्श असें नांव आहे. शत्रूप्रमाणें जो छळतो तो अर्श, अशी त्या नांवाची फोड जुन्या ग्रंथकारांनीं केली आहे. दीड हजार वर्षांहून जुन्या अशा सुश्रुतसंहितेंत निदानस्थानाचा दुसरा व चिकित्सास्थानाचा सहावा अध्याय ह्याच रोगास वाहिला आहे. गुदाच्या आंत प्रवाहिणी, विसर्जनी आणि संवरणी अशा तीन वळ्या सांगून सुश्रुत चार उपाय देतो : औषध, क्षार, अग्नि आणि शस्त्र. रोग नुकताच झाला असेल व त्याचा जोर थोडा असेल तर औषध. कोंब मऊ व पसरलेले असतील तर क्षार. खरखरीत व कठीण असतील तर डाग. आणि मूळ बारीक असून कोंब उंच व ओलसर असेल तर शस्त्र. सौम्य उपायानें भागत असतां कठोर उपायास हात घालूं नये, हा ह्या क्रमाचा मथितार्थ आहे.

ह्यांतील क्षाराची कृति मोठी विचारपूर्वक आहे. मुष्कक, आघाडा इत्यादि वनस्पतींची राख पाण्यांत कालवून, गाळून व आटवून, तींत भाजलेल्या शंखशिंपल्यांची चुनकळी घालीत. राखेच्या साध्या क्षारास चुन्यामुळें दाहक तेज येतें, हें आजचें रसायनशास्त्रही मान्य करील. दिवस निरभ्र पाहून रोग्यास निजवावें, त्याचें डोकें दुसऱ्या माणसाच्या मांडीवर ठेवावें, गाईच्या सडाच्या आकाराचें यंत्र आंत सारावें, आणि त्याच्या छिद्रांतून दिसणाऱ्या कोंबासच क्षार लावून शंभर अंक मोजीपर्यंत थांबावें. कोंबाचा रंग पिकल्या जांभळासारखा झाला म्हणजे काम झालें असें समजून तो आंबट द्रवानें धुवावा. आम्लानें क्षाराचा जोर मोडतो, हें ज्ञान त्या धुण्यांत सांठविलेलें आहे. शिवाय सर्व कोंबांवर एकाच दिवशीं हात चालवावयाचा नाहीं. सात सात दिवसांच्या अंतरानें एकेक घ्यावयाचा.

चरकाची वृत्ति ह्याहूनही सावध आहे. कापणें, जाळणें व क्षार लावणें ह्या उपायांचा उल्लेख करून तो त्यांचे धोके बजावतो : सूज, असह्य वेदना, अतिरक्तस्राव, रोग पुन्हा उगवणें, प्रसंगीं मृत्यु. बाहेरच्या वळींत झालेले व फार दिवसांचे नसलेले अर्श सुखसाध्य असतात, असेंही तो सांगतो. त्याचा खरा भर आहे आहारावर, आणि त्यांतही ताकावर. जमिनीवर ओतलेलें ताक गवतासही जाळून टाकतें, मग अर्शाची काय कथा, असा त्याचा दृष्टान्त आहे. ताकानें मूळव्याध झडते असें आज कोणी सिद्ध केलेलें नाहीं. परंतु पोटांत पातळ पदार्थ भरपूर जावा, ही त्यामागची दिशा चुकीची नव्हती.

जन्मानंतर होणाऱ्या अर्शाचीं कारणेंही ह्या ग्रंथकारांनीं रोजच्या राहणींत शोधलीं. कठीण आसनावर बसणें, घोड्याउंटावरून व गाडींतून फार प्रवास करणें, मलाचा वेग दाबून धरणें, वेग नसतां कुंथणें, आणि स्त्रियांच्या बाबतींत गर्भाचा भार व कष्टाची प्रसूति, अशी ती यादी आहे. ती किती जिवंत आहे हें पाहावयाचें असेल तर चंद्रपूर जिल्ह्यांतील कोरपना ह्या गांवाकडे दृष्टि टाकावी. पूर्वीं हैदराबाद संस्थानांत, आदिलाबाद जिल्ह्याच्या राजुरा भागांत मोडणारा हा मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत मुंबई राज्यांत आला व १९५९ सालीं चांदा जिल्ह्यास जोडला गेला. काळ्या जमिनींत कापूस, डोंगरांवर सागाचें रान, जमिनीखालीं चुनखडी आणि तिच्या आधारानें उभे राहिलेले सिमेंटचे कारखाने, असें त्याचें रूप आहे. उन्हाळ्यांत ह्या जिल्ह्याचा पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हांत राबणाऱ्याच्या अंगांतील पाणी घामावाटे जातें, पिण्यास तेवढें मिळालें नाहीं म्हणजे मळ खडा होतो, आणि कुंथणें आपोआप येतें. मालमोटारीवर तासन्‌तास बसणारा चालक आणि आडोसा नाहीं म्हणून अंधार पडेपर्यंत वेग आवरून धरणारी बाई, हीं दोघेंही त्या प्राचीन यादींत आहेत. आणि पुण्यामुंबईच्या कचेरींत दिवसभर खुर्ची न सोडणारे आपण तरी तींतून कोठें सुटलों आहोंत ?

ह्याच रानांत हिरडा, बेहडा, आवळा आणि बिब्बाही होतो. बिब्ब्याचें नांव जुन्या अर्शचिकित्सेंत येतें खरें; पण त्याच्या तेलानें कातडीवर फोड उठतात. म्हणून तो ऐकीव माहितीवर घरीं वापरणें म्हणजे दुखण्यावर दुसरें दुखणें विकत घेणें होय.

छापखान्यांमुळें हे ग्रंथ पुन्हा सर्वांच्या हातीं आले. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें १८८० सालीं डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे ह्यांनीं संपादिलेलें अष्टांगहृदय आणि १९१५ सालीं वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य ह्यांची सुश्रुतसंहिता प्रसिद्ध केली. पश्चिमेकडेही रोग जुनाच. हिपॉक्रेटिसच्या नांवावर चालणाऱ्या एका ग्रीक ग्रंथांत त्यास डागण्या सांगितल्या आहेत. लंडनमध्यें १८३५ सालीं फ्रेडरिक सामन ह्या शस्त्रवैद्यानें गरिबांच्या गुदरोगांसाठीं जें छोटें रुग्णालय काढलें, तेंच पुढें सेंट मार्क्स म्हणून नांवाजलें, आणि तेथील मिलिगन व मॉर्गन ह्यांनीं १९३७ सालीं वर्णिलेली शस्त्रक्रिया जगभर पसरली. १९६३ सालीं अमेरिकेंत बॅरन ह्यानें आंतल्या कोंबास रबराचें कडें घालण्याची रीत रूढ केली. काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत ह्याच सुमारास क्षारसूत्राचा, म्हणजे क्षार माखलेल्या दोऱ्याचा, जुना उपाय मुख्यतः भगंदरासाठीं नव्यानें तपासला गेला.

आतां बाहेरची मूळव्याध म्हणजे काय तें पाहूं. गुदाच्या आंत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाच्याच शरीरांत असतात. त्या फुगून खालीं सरकल्या म्हणजे आंतली मूळव्याध होते, असें थॉमसन ह्यानें १९७५ सालीं मांडलें. ती बहुधा दुखत नाहीं, पण रक्त पाडते. बाहेरची मूळव्याध गुदद्वाराच्या कातडीखालीं असते. ह्या कातडींत वेदनेचे मज्जातंतु असल्यामुळें तेथें रक्ताची गुठळी झाली कीं एकाएकीं निळसर, ताठर गांठ येऊन प्राण कासावीस होतो. रबराचें कडें येथें चालत नाहीं. दुखणें असह्य असून रोगी पहिल्या तीन दिवसांत शस्त्रवैद्याकडे पोहोंचला, तर जागा बधिर करून गांठ काढतां येते. ते दिवस उलटले असतील तर वेदना बहुधा उतरणीस लागते व गांठ कांहीं आठवड्यांत जिरते. मागें थोडी सैल कातडी राहिली तर तिचें भय बाळगूं नये. तोंवर घंगाळांत कोमट पाणी घेऊन दिवसांतून दोनतीनदां दहा-पंधरा मिनिटें बसावें, वैद्यांच्या सल्ल्यानें वेदनाशामक घ्यावें, आणि मळ मऊ ठेवावा. सुश्रुताचा तोच क्रम येथेंही उभा आहे.

प्रतिबंध तर ह्याहून सोपा आहे. ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाजी, फळें आणि भरपूर पाणी; गरज पडल्यास इसबगोल; वेग आला कीं उठणें, न आला तर कुंथत न बसणें; शौचकूप ही वर्तमानपत्र वाचण्याची जागा नव्हे हें ओळखणें; आणि तासातासानें खुर्ची सोडून चार पावलें चालणें.

एक इशारा मात्र राहिला. प्राचीनांनीं नाकाकानांतील कोंबांपर्यंत अनेक वाढींस अर्श हें एकच नांव दिलें होतें. आजचा रोगी त्याच घोटाळ्यांत सांपडतो : शौचावाटे रक्त दिसलें कीं तो ती मूळव्याधच समजतो. तेंच रक्त आंतड्याच्या कर्करोगाचेंही असूं शकतें. चाळिशी उलटलेली असेल, वजन घटत असेल, शौचाची संवय बदलली असेल, किंवा मळ काळा होत असेल, तर तपासणी लांबविणें धोक्याचें आहे. आणि वय कोणतेंही असो, रक्त पडलें तर एकदां शिकलेल्या डॉक्टरांनीं पाहिलेंच पाहिजे. विनाशस्त्र, एका दिवसांत, हमखास, अशा पाट्या लावणाऱ्यांकडे रोगी जातो तो विश्वासानें नव्हे, तर तेथें फार प्रश्न विचारीत नाहींत म्हणून जातो.

सुश्रुताचे चार उपाय आपण ऐकले. त्या चारींच्याही आधीं एक गोष्ट लागते : रोग्यानें तोंड उघडणें. जेथें आई मुलास आणि पति पत्नीस हें दुखणें संकोचावांचून सांगूं शकते, त्या घरांत बहुतेकदां पहिल्याच उपायावर, औषधपथ्यावरच, काम भागेल.