नसलेल्या यंत्रासाठी लिहिलेली संहिता

'झॉर्क' हा केवळ शब्दांनी खेळायचा खेळ १९७७पासून एमआयटीतील पीडीपी-१० या अवाढव्य संगणकावर आकाराला आला. १९७९मध्ये कर्त्यांनी 'इन्फोकॉम' काढली, तेव्हा पेच उभा राहिला: घरगुती संगणकांची स्मृती तोकडी, शिवाय प्रत्येकाची यंत्रभाषा निराळी. जोएल बेरेझ आणि मार्क ब्लँक यांनी अस्तित्वातच नसलेले एक यंत्र कल्पिले, 'झेड-मशीन', आणि खेळ त्याच्यासाठी सिद्ध केला. प्रत्यक्ष संगणकाला हवा फक्त एक दुभाष्या! पुढे कंपनी मिटली. चाहत्यांनी ती सांकेतिक रचना उलगडून 'फ्रॉट्झ'सारखे नवे दुभाषे रचले, म्हणून ते खेळ आजच्या फोनवरही चालतात.

संहिता वाचली, पण ग्रंथ वाचला का? 'डेडलाइन' (१९८२) या रहस्यखेळाच्या वेष्टनात पोलिसी जबान्या, प्रयोगशाळेचा अहवाल, चक्क गोळ्यांची पुडीही असे. डिस्कवर न मावलेला मजकूर असा कागदावर आला होता. तो कथेबाहेरचा नव्हे. त्याच्याविना तपास लंगडा पडतो. दुभाष्याला मात्र त्याची गंधवार्ताही नसते. संग्राहकांनी त्या कागदांच्या प्रतिमा जपल्या, हे त्यांचे उपकारच. २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने 'झॉर्क'च्या तीन भागांची मूळ आज्ञावली मुक्त परवान्याने खुली केली. वेष्टने त्यातून वगळलेली आहेत.