रायगड किनारपट्टीवरील खासगी शस्त्रधारणा

खासगी शस्त्रधारणा म्हणजे नागरिकाने स्वतःच्या मालकीचे अग्निशस्त्र बाळगणे व ते घरी ठेवणे होय. महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्याच्या किनारी भागात, म्हणजे उत्तरेस उरणपासून अलिबाग व मुरूडमार्गे दक्षिणेस श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यात, या प्रश्नाला शेती, वन्यजीव आणि सागरी सुरक्षा अशा तीन बाजू आहेत. भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. ती शासनाने विशिष्ट कारणासाठी व ठरावीक मुदतीसाठी दिलेली परवानगी आहे. घरात बंदूक असावी की नसावी, याविषयी या जिल्ह्याशी संबंध असलेल्या व्यक्तींनी व चळवळींनी परस्परविरोधी भूमिका घेतल्या असून विद्यमान कायद्याच्या घडणीत त्या वादाचा ठसा दिसतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

हा किनारा दीर्घकाळ सशस्त्र सत्तांच्या संघर्षाचे क्षेत्र होता. कुलाबा किल्ल्यावरील आंग्रे, जंजिऱ्याचे सिद्दी आणि रेवदंडा-कोर्लई येथील पोर्तुगीज यांची आरमारे व तोफा येथे समोरासमोर होत्या. ब्रिटिश अमलात मात्र सामान्य प्रजेच्या हातातील शस्त्रांवर निर्बंध आले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत संमत झालेल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली. युरोपियनांना या निर्बंधातून सूट होती. त्यामुळे या कायद्याकडे सुरक्षेचा उपाय म्हणून न पाहता वांशिक अपमान म्हणून पाहिले गेले.

कायदा झाल्यानंतर पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांनी ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र बंड केले. फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यातल्या शिरढोण येथे झाला होता. १८७९ मध्ये त्यांना अटक झाली आणि जन्मठेपेची शिक्षा भोगत असताना १८८३ मध्ये एडन येथे त्यांचे निधन झाले.

महात्मा गांधींनी अहिंसेचा पुरस्कार केला, तरी शस्त्र कायद्यावर त्यांनी कठोर टीका केली. १९१८ मधील सैन्यभरतीच्या पत्रकात त्यांनी संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत गणला. जानेवारी १९३० मध्ये त्यांनी सरकारपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत, लोकनियंत्रणाखाली आत्मसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत, ही एक मागणी होती. त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहाच्या वेळी पोलिसांनी केलेल्या गोळीबारात सत्याग्रही मृत्युमुखी पडले. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने संमत केलेल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकांचा हक्क मान्य करण्यात आला होता.

संविधान सभेतील चर्चा

कराची ठरावातील हा हक्क स्वतंत्र भारताच्या संविधानात आला नाही. डिसेंबर १९४८ च्या आरंभी संविधान सभेत हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत समाविष्ट करण्याची दुरुस्ती सुचवली. परकीय सत्तेने लादलेल्या निःशस्त्रीकरणाविरुद्ध काँग्रेसने दीर्घकाळ केलेली मागणी स्वातंत्र्यानंतर सोडून देऊ नये, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता.

मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या दुरुस्तीस विरोध केला. महाड येथील १९२७ च्या चवदार तळे सत्याग्रहामुळे आंबेडकरांचे नाव या जिल्ह्याशी कायमचे जोडले गेले आहे. प्रत्येक व्यक्तीला बाजारात जाऊन हवी ती घातक साधने निर्वेधपणे विकत घेता आली, तर राज्याला प्रशासन चालवणेच अशक्य होईल, असे त्यांचे म्हणणे होते. असा सरसकट हक्क गुन्हेगारांनाही मिळेल, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. कामत यांची दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानाच्या अनुच्छेद १९ नुसार नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क आहे, मात्र तो शांततेने व विनाशस्त्र जमण्याचा आहे.

तिसरी भूमिका आचार्य विनोबा भावे यांची होती. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. शस्त्र कोणाच्या हाती असावे, या प्रश्नाऐवजी शस्त्राची गरजच कशी संपेल, यावर त्यांचा भर होता. दंगलीच्या वेळी निःशस्त्र राहून शांतता राखणाऱ्या शांतिसेनेची कल्पना त्यांनी मांडली. मे १९६० मध्ये चंबळ खोऱ्यातील काही डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे खाली ठेवली.

विद्यमान कायदा

स्वतंत्र भारतात १८७८ च्या कायद्याची जागा शस्त्र अधिनियम, १९५९ ने घेतली. त्याखालील १९६२ च्या नियमांऐवजी आता शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. परवाना प्राधिकारी पोलिसांकडून अर्जदाराविषयी अहवाल मागवतो. सार्वजनिक शांततेस वा सुरक्षिततेस बाधा येईल असे वाटल्यास परवाना नाकारता येतो. मात्र अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने तो नाकारता येत नाही. रायगड जिल्ह्यात सर्वसाधारणपणे जिल्हादंडाधिकारी हे परवाना प्राधिकारी असून त्यांचे कार्यालय अलिबाग येथे आहे. उरण व पनवेल परिसर नवी मुंबई पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो.

घरात शस्त्र ठेवणाऱ्याने ते कुलूपबंद व सुरक्षित जागी ठेवण्याची आणि अन्य व्यक्तींच्या, विशेषतः मुलांच्या, हाती लागणार नाही याची खबरदारी घेणे अपेक्षित आहे. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार परवानाधारकांना शस्त्रे पोलिसांकडे जमा करण्यास सांगितले जाते.

२०१९ च्या दुरुस्तीने पुढील बदल झाले :

• एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली. वारसाहक्काने मिळालेल्या शस्त्रांनाही ही मर्यादा लागू आहे.
• परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली.
• विनापरवाना साधे अग्निशस्त्र बाळगल्यास दोन ते पाच वर्षे, तर प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास सात ते चौदा वर्षे कारावासाची तरतूद झाली.
• लग्न, मिरवणूक अशा प्रसंगी निष्काळजीपणे गोळीबार करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवण्यात आला.

पीकसंरक्षण व वन्यजीव

किनारी रायगडात बंदूक घरी ठेवण्याचे एक जुने कारण पिकांचे रक्षण हे आहे. रानडुकरे भातशेतीची, तर वानरे व माकडे नारळ, आंबा यांसारख्या बागायतीची नासाडी करतात. १९५९ च्या अधिनियमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. नळीच्या तोंडातून दारू व छर्रे ठासून भरावयाच्या या बंदुकीतून प्रत्येक बारानंतर ती पुन्हा भरावी लागते. मोठा आवाज करून जनावरे पळवून लावण्यासाठीही तिचा वापर होतो.

मात्र पीकसंरक्षणाचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. उभ्या पिकास वा मानवी जीवितास धोकादायक ठरलेल्या प्राण्याला मारण्यासाठी वन खात्याच्या सक्षम अधिकाऱ्याची स्वतंत्र परवानगी लागते. पिकांच्या नुकसानीबद्दल शासनाकडून भरपाई देण्याचीही तरतूद आहे.

याच अधिनियमाच्या कलम ३४ चा या भागाशी थेट संबंध येतो. अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाला वन खात्याकडे आपली नोंदणी करावी लागते. अशा क्षेत्रात नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती आवश्यक असते. मुरूड, रोहा व अलिबाग तालुक्यांच्या सीमेवरील फणसाड अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. एके काळी हे जंगल जंजिरा संस्थानच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. ज्या रानात सत्ताधाऱ्यांच्या करमणुकीसाठी बंदुका चालत, त्याच्या आसपास आज शेतकऱ्याच्या घरातील बंदुकीचीही नोंद वन खात्याकडे ठेवली जाते.

सागरी सुरक्षा व बेकायदा शस्त्रे

जानेवारी १९९३ मध्ये दिघी येथे आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे समुद्रमार्गे शस्त्रे व स्फोटके उतरवण्यात आली. शेखाडी येथे उतरवलेले आरडीएक्स १२ मार्च १९९३ रोजीच्या मुंबईतील साखळी बॉम्बस्फोटांत वापरले गेले. त्या स्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. या प्रकरणी सीमाशुल्क व पोलिस खात्यांतील काही जणांनाही शिक्षा झाल्या.

याच खटल्यात आत्मसंरक्षणासाठी घरी शस्त्र ठेवण्याचा प्रश्न अभिनेते संजय दत्त यांच्या प्रकरणातून पुढे आला. त्यांच्याकडे परवान्याची तीन शस्त्रे होती, तरीही त्यांनी एके-५६ रायफल बाळगली. दंगलींच्या काळात कुटुंबाच्या सुरक्षिततेच्या भीतीने ती घेतल्याचे त्यांच्या कबुलीजबाबात नोंदले होते. हा कबुलीजबाब त्यांनी पुढे नाकारला. विशेष न्यायालयाने त्यांना दहशतवादाच्या आरोपांतून मुक्त केले, परंतु शस्त्र अधिनियमाखाली दोषी ठरवले. २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा सहा वर्षांवरून पाच वर्षे केली. भीती खरी असली, तरी विनापरवाना शस्त्र बाळगण्याला ती कायदेशीर आधार देत नाही, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

१८ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ एक बेवारस नौका आढळली. तीत तीन एके-४७ रायफली होत्या. ही नौका ऑस्ट्रेलियन नागरिकाच्या मालकीची असून मस्कतहून युरोपकडे जात असताना इंजिनात बिघाड झाल्याने खलाशांनी ती सोडून दिली होती, असे राज्य शासनाने विधिमंडळात सांगितले. दहशतवादाचा संबंध तेव्हा आढळला नाही. तरीही १९९३ चा अनुभव पाहता जिल्ह्यात तत्काळ नाकाबंदी करण्यात आली.

किनाऱ्यावरील गावांतून सागर सुरक्षा दलांचे स्वयंसेवक संशयास्पद नौका व व्यक्तींची माहिती पोलिसांना देतात. ही व्यवस्था नागरिकांना शस्त्रे देण्यावर नव्हे, तर त्यांच्या जागरूकतेवर आधारलेली आहे.

घरातील शस्त्राविषयी मतमतांतरे

शस्त्रधारणेचे समर्थक प्रामुख्याने अंतराचा मुद्दा मांडतात. वाडीतील एकाकी घर, बागेतील बंगला किंवा डोंगराच्या कुशीतील शेत यांपासून पोलिस ठाणे दूर असते आणि संकटाच्या पहिल्या क्षणी माणूस एकटाच असतो, असे त्यांचे म्हणणे आहे. परवानाधारक पोलिसांच्या नोंदीत असतो, तर गुन्हेगार परवाना मागत नाही, म्हणून निर्बंधांचा भार प्रामाणिक माणसावरच पडतो, असाही युक्तिवाद केला जातो. काही कुटुंबांत जुने शस्त्र ही पूर्वजांची आठवण मानली जाते. खंडेनवमीला शस्त्रे व अवजारे पूजण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे.

विरोधकांच्या मते बंदुकीचा धोका चोरापेक्षा घरच्या माणसांनाच अधिक असतो. अमेरिकेतील अनेक अभ्यासांत घरात बंदूक असणे आणि त्या घरातील आत्महत्येचा वाढलेला धोका यांचा संबंध आढळला आहे. भांडण, नशा, नैराश्य किंवा मुलांचे कुतूहल यांत बंदूक हाताशी असणे हेच निर्णायक ठरू शकते. शिवाय सुरक्षित राहावी म्हणून कुलपात, गोळ्या काढून ठेवलेली बंदूक अचानक आलेल्या संकटात उपयोगी पडणे अवघड असते. आणि भरून उशाशी ठेवली, तर तीच घरासाठी संकट बनते.

कोकणात हा प्रश्न स्थलांतराशीही जोडलेला आहे. परवानाधारक वृद्ध गावी आणि मुले मुंबईत, अशी स्थिती अनेक कुटुंबांत असते. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाला ते हवे असल्यास स्वतःच्या नावे परवाना घ्यावा लागतो. परवान्याविना शस्त्र बंद घरात पडून राहिल्यास ते कोणी वापरले नाही तरी बेकायदा ठरते.

इतर देशांशी तुलना

अमेरिकेच्या संविधानातील १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला असून आत्मसंरक्षणासाठी घरी बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्क असल्याचे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केले. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेच्या अंदाजानुसार २०१७ मध्ये अमेरिकेत दर १०० व्यक्तींमागे सुमारे १२० खासगी अग्निशस्त्रे होती. भारतात हे प्रमाण सुमारे ५ होते. भारतातील अंदाजे ७ कोटी ११ लाख शस्त्रांपैकी केवळ ९७ लाख नोंदणीकृत होती. म्हणजेच परवान्यावरील वाद मुख्यतः नोंदीत असलेल्या अल्पसंख्य शस्त्रांविषयी होतो, तर बहुसंख्य शस्त्रे त्या व्यवस्थेच्या बाहेरच राहतात.

हे सुद्धा पहा

• चिरनेर जंगल सत्याग्रह
• फणसाड अभयारण्य
• वासुदेव बळवंत फडके
• विनोबा भावे