काळ्यावर काळी अक्षरे : सॉनिक या खेळाची कथा
व्हिडिओ गेम हा विषय या पृष्ठांवर यावा याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु जी वस्तू तीस वर्षांहून अधिक काळ जगभरच्या मुलांच्या हातांत राहिली, जिने दोन बलाढ्य कंपन्यांमधील व्यापारयुद्धास धार आणली आणि जिचे नाव पुढे जीवशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसले, तिला इतिहास नाही असे कसे म्हणावे? जपानच्या सेगा कंपनीने २३ जून १९९१ रोजी अमेरिकेत विक्रीस आणलेला ‘सॉनिक द हेजहॉग’ हा खेळ ती वस्तू होय. त्याचा निळा नायक सर्वांच्या ओळखीचा झाला. तो ज्यांनी घडविला त्यांची नावे मात्र खेळात अशा रीतीने लिहिली गेली की ती कोणास वाचता येऊ नयेत. आम्हांस सांगावयाचे आहे ते मुख्यत्वे या नावांविषयी.

ज्यांनी या जातीचा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी एवढे सांगितले पाहिजे की, यात पडद्यावरचे चित्र आडवे सरकत जाते आणि नायक कड्यांवरून, फळ्यांवरून उड्या मारीत, शत्रूंना चुकवीत वा तुडवीत उजवीकडे पळत सुटतो. या प्रकारास खरी लोकमान्यता मिळवून दिली ती निन्टेंडो कंपनीच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या १९८५ सालच्या खेळाने. आमच्या पिढीतील कित्येक मुलांनी नव्वदच्या दशकात निन्टेंडोच्या यंत्राच्या स्वस्त नकलेवर तो मिशाळ मारिओ उड्या मारताना पाहिलेला आहे. सॉनिकची भेट त्या मानाने फार थोड्यांस घडली. सेगाने १९८८ साली मेगा ड्राइव्ह नावाचे अधिक शक्तिमान यंत्र काढले खरे. पण यंत्र चांगले असून भागत नाही, त्याला चेहरा लागतो. अ‍ॅलेक्स किड नामक एक बालनायक सेगाजवळ होता, त्याच्याने मारिओची बरोबरी होईना. तेव्हा नवा नायक शोधण्याचे काम कंपनीच्या आतच निघाले.

या शोधातून तीन माणसे एकत्र आली. युजी नाका हा आज्ञावली लिहिणारा, नाओतो ओशिमा हा चित्रकार आणि हिरोकाझु यासुहारा हा खेळातील वाटा, चढउतार व सापळे यांची आखणी करणारा. आरंभी नायक ससा होता. लांब कानांनी वस्तू उचलून त्या फेकणे हा त्याचा पराक्रम. परंतु उचलावयाचे म्हणजे थांबावयाचे, आणि नाकास हवा होता वेग. तेव्हा अंगाचा गोळा करून शत्रूवर आदळणारा प्राणी हवा असे ठरले, आणि आर्माडिलो व हेजहॉग पुढे आले. ओशिमाने आपली काही चित्रे न्यूयॉर्कला नेली, सेंट्रल पार्कमधील येणाऱ्याजाणाऱ्यांस दाखविली आणि त्यांत हेजहॉगला अधिक पसंती मिळाली. रंग निळा घेतला तो सेगाच्या बोधचिन्हाचा.

हेजहॉग म्हणजे आपले साळिंदर नव्हे, हे येथे सांगणे अवश्य आहे. हा मुठीत मावेल एवढा, आखूड काट्यांचा, भ्याला की चेंडूसारखा वळणारा जीव. आमचे जे वाचक राजस्थानात वा कच्छकडे नेमणुकीवर आहेत त्यांनी तो कदाचित रात्रीच्या वेळी पाहिलाही असेल. मौज अशी की हा प्राणी मूळचा जपानचाही नाही आणि अमेरिकेचाही नाही. ज्या देशात तो घडला आणि ज्या देशासाठी तो घडला, त्या दोहोंतही तो परकाच. म्हणूनच की काय, त्याला कोठेही घर करण्यास अडचण पडली नाही.

खेळाची रचना पाहिली म्हणजे या तिघांच्या बुद्धीचे कौतुक वाटते. धावणे आणि एका बटणाने उडी मारणे, एवढेच खेळणाराच्या हाती. बाकी सारे जमिनीच्या उतारावर. उतारावर वेग वाढतो, चढावर मंदावतो, आणि पुरेसा वेग असेल तर सॉनिक वर्तुळाकार वाटेवरून डोके खाली पाय वर असा निघून जातो. तोवरच्या बहुतेक खेळांत जमीन म्हणजे चौकोनी ठोकळ्यांची रांग असे. वळणावरून धावणाऱ्या नायकाचे नेमके स्थान क्षणाक्षणाला काढणे हे नाकाच्या आज्ञावलीचे मोठे यश होय. तितकीच चतुर आहे ती सोन्याच्या कड्यांची योजना. वाटेत कडी वेचीत जावयाचे. शत्रूचा आघात झाला की ती सारी चहूकडे विखुरतात, पण जवळ एक जरी कडे असेल तरी प्राण वाचतो, आणि धांदलीने पुन्हा एखादे हाती लागले की पुढचाही आघात सोसता येतो. नवशिक्यास ही केवढी सवलत! दुष्ट डॉक्टर रोबॉटनिक याने लहान प्राण्यांना यंत्रांत कोंडले आहे, आणि यंत्र फुटले की त्यातून ससा किंवा पक्षी उडी मारून पळतो, हीही कल्पना गोड आहे. दोष नाहीत असे नव्हे. चौथा प्रदेश पाण्याखालचा. तेथे नायक इतका मंद होतो की वेगाचे वचन देऊन बोलाविलेल्या पाहुण्यास दारात ताटकळत ठेवावे, तसे वाटते. पहिला हिरव्या टेकड्यांचा प्रदेश मात्र आजही अप्रतिम वाटतो.

आता नावांकडे वळू. कर्मचाऱ्यांची खरी नावे खेळात येऊ न देण्याची सेगाची रीत होती. इतर जपानी कंपन्यांतही हेच चाले. नावे कळली तर प्रतिस्पर्धी माणसे पळवितील, हे भय त्यामागे असे. खेळ पुरा केला की अखेरीस जी नामावली येते तीत नाका हा ‘यू टू’ आहे, यासुहारा ‘कॅरल यास’ आहे, आणि ओशिमा ‘बिग आयलंड’, कारण जपानीत त्याच्या आडनावाचा अर्थच मोठे बेट. याच नामावलीत एक नाव मात्र उघडपणे छापलेले आहे, ते संगीतकार मासातो नाकामुरा याचे. तो ‘ड्रीम्स कम ट्रू’ या गाजलेल्या गायकवृंदातील. बाहेरून आलेला, नामवंत. जो घरचा नोकर त्याने टोपणनाव घ्यावे आणि जो पाहुणा त्याने खऱ्या नावाने मिरवावे, हा न्याय कचेऱ्यांतून राबणाऱ्या आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. टिपणी आपण लिहावी, खाली आद्याक्षरे तेवढी करावी, आणि निर्णय वरच्यांच्या नावे ओळखला जावा, हे आम्ही नित्य पाहतो. नाकाने मात्र गप्प न राहता एक युक्ती केली. यंत्र सुरू होताच निर्मात्यांच्या गटाचे नाव पडद्यावर येते. त्याच्या क्षणभर आधी खऱ्या नावांची यादी उमटते, पण काळ्या पडद्यावर काळ्या अक्षरांत. जपानी आवृत्तीत ठराविक क्रमाने कळा दाबल्या असता ती दृश्य होते. म्हणजे ज्या ज्या घरी हा खेळ लावला गेला त्या त्या घरी ती नावे प्रत्येक वेळी पडद्यावर येऊन गेली, आणि समोर बसलेल्या मुलास त्याचा पत्ता नव्हता.

हे पहिलेच बंड नव्हे. अमेरिकेत अटारी कंपनीच्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात वॉरन रॉबिनेट याने एका गुप्त दालनात आपले नाव लपविले होते, आणि त्याच कंपनीतील चौघांनी श्रेय व मोबदला मिळत नाही म्हणून बाहेर पडून १९७९ साली ॲक्टिव्हिजन ही संस्था काढली. तथापि रॉबिनेटचे नाव शोधणारास दालन तरी होते. डोळ्यांसमोर असून न दिसण्याची ही तऱ्हा आम्हांस अधिक बोचते.

खेळाच्या यशाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. अमेरिकेतील शाखेने नायकाचे सुळे काढावयास लावले आणि मडोना नावाची त्याची मैत्रीण वगळली; त्या शाखेचा प्रमुख टॉम कॅलिन्स्के याने यंत्राची किंमत १८९ डॉलरवरून १४९ वर आणून हा खेळ यंत्रासोबत देण्याचा आग्रह धरला, आणि जपानमधील सहकाऱ्यांचा विरोध असताही अध्यक्ष हायाओ नाकायामा यांनी त्यास रुकार दिला. निन्टेंडोची मक्तेदारी हलली. न्यूयॉर्कच्या थँक्सगिव्हिंगच्या मिरवणुकीत १९९३ साली सॉनिकचा प्रचंड फुगा निघाला. तो कोलंबस सर्कलपाशी दिव्याच्या खांबावर आपटून फाटला. ज्या उद्यानात ओशिमाने चित्रे दाखविली होती, त्याच्याच कोपऱ्यावरची ही जागा.

इकडे नाका कंपनीच्या ताठर नियमांस कंटाळून सेगातून बाहेर पडला होता. मार्क सेर्नी या अमेरिकन गृहस्थाने त्यास कॅलिफोर्नियातील सेगाच्याच नव्या संस्थेत ओढले. यासुहाराही तेथे गेला. परमुलखातला हा संसार सुखाचा झाला नाही. जपानी व अमेरिकन मंडळी एकत्र बसली खरी, पण भाषा वेगळी, कामाची पद्धत वेगळी. पुढे तिसरा खेळ करताना नाकाने जपानी भाषिकांचाच गट मागून घेतला. यात कोणी संकुचितपणा पाहील. परमुलखी दिवसभर दुसऱ्याच्या भाषेत काम करून घरी परतणाऱ्यांचे मत निराळे पडेल. एवढे असूनही दुसरा ‘सॉनिक’ २४ नोव्हेंबर १९९२ रोजी अमेरिकेत निघाला तो पहिल्याहून सरस, आणि त्याच्या नामावलीत प्रथमच युजी नाका, हिरोकाझु यासुहारा ही नावे पांढऱ्या अक्षरांत आली. टोपणनावे त्यांच्यापुढे कंसात होती.

नायकाचे नाव तोवर भलतीकडे पोहोचले होते. माशीच्या गर्भात ज्या जनुकाच्या अभावी अंगभर काटे उमटतात त्यास शास्त्रज्ञ हेजहॉग म्हणत. पृष्ठवंशीय प्राण्यांत त्याची भावंडे सापडली तेव्हा दोघांना खऱ्या जातींची नावे दिली, त्यांत एक ‘इंडियन हेजहॉग’. आणि १९९३ साली तिसऱ्यास ‘सॉनिक हेजहॉग’ म्हटले गेले. हाताला पाच बोटे नीट यावीत यात त्या जनुकाचा वाटा आहे.

सेगाने २००१ साली यंत्रे बनविणे थांबविले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सॉनिक निन्टेंडोच्या यंत्रावर धावू लागला. मारिओ व सॉनिक एकाच खेळात उतरले ते २००७ साली. पुढे २०१७ साली ‘सॉनिक मेनिया’ निघाला, तो जुन्या आडव्या सरकणाऱ्या धर्तीचा. त्याचा सूत्रधार ख्रिश्चन व्हाइटहेड हा ऑस्ट्रेलियन. लहानपणापासून सॉनिकचा भक्त, हौस म्हणून जुन्या खेळांवर काम करता करता कंपनीच्या नजरेस आलेला. त्याचे नाव खेळात उघड छापलेले आहे.