फळावरच्या स्टिकरवरून ते ‘जीएम’ आहे का, हे कळतं का?

सफरचंदाच्या स्टिकरवरचा आकडा ८ ने सुरू होत असेल तर ते जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेलं. ९ ने सुरू होत असेल तर सेंद्रिय. हा व्हॉट्सॲप मेसेज तुम्हालाही कधीतरी आला असेल. त्यातला ९ चा भाग बरोबर आहे. साध्या केळ्याचा कोड ४०११, तर सेंद्रिय केळ्याचा ९४०११. ८ चा भाग मात्र चुकीचा आहे.

हे पीएलयू कोड काउंटरवर फळ ओळखून भाव लावता यावा म्हणून असतात आणि ते लावणं ऐच्छिक आहे. ८ हा आकडा एकेकाळी जीएम फळांसाठी राखून ठेवला होता, पण दुकानांत तो त्यासाठी कधी वापरला गेलाच नाही. शेवटी २०१५ मध्ये कोड देणाऱ्या संघटनेने ही तरतूदच काढून टाकली.

मग बाजारात जीएम फळं आहेत तरी कोणती?

अमेरिकेतही यादी छोटीच आहे. सर्वांत जुनं ठळक उदाहरण हवाईच्या पपईचं. १९९० च्या दशकात रिंगस्पॉट विषाणूने तिथल्या पुना भागातल्या बागा उद्ध्वस्त केल्या. विषाणूचाच एक जनुक पपईत घालून शास्त्रज्ञांनी प्रतिकारक्षम वाण तयार केलं आणि १९९८ मध्ये ‘रेनबो’ पपई शेतकऱ्यांच्या हाती आली. आर्क्टिक सफरचंद कापल्यावर लवकर काळं पडत नाही, कारण त्यातलं ते काम करणारं एन्झाइम जवळपास बंद केलेलं असतं. गुलाबी गराचा अननस २०२० मध्ये विक्रीला आला. बिनबियांची द्राक्षं आणि कलिंगडं मात्र जीएम नाहीत. नाशिकचं थॉमसन सीडलेसही नाही.

लेबलचं काय?

अमेरिकेत १ जानेवारी २०२२ पासून ‘बायोइंजिनिअर्ड’ असं जाहीर करणं बंधनकारक आहे. पण ते शब्दांतच लिहायला हवं असं नाही. चिन्ह किंवा क्यूआर कोडही चालतो. वाद पेटला तो इथेच. भाजी घेताना प्रत्येक पाकीट कोण स्कॅन करत बसणार? ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनी काय करायचं? ग्राहक संघटना न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने नियमाचा हा भाग चुकीचा ठरवून तो फेरविचारासाठी कृषी खात्याकडे पाठवला. हॉटेलांना तर या नियमातून सूटच आहे, त्यामुळे तिथल्या ताटातली पपई कोणती हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही.

भारतात काय?

आपल्याकडे कुठल्याही जीएम फळाच्या व्यावसायिक लागवडीला परवानगी नाही. बाजारात दिसणारी ‘रेड लेडी’ पपई संकरित आहे, जीएम नव्हे. आयातीबाबत अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे ‘एफएसएसएआय’चा, १ मार्च २०२१ पासून लागू झालेला आदेश आहे. सफरचंद, पपई, अननस यांच्यासह २४ पिकांच्या मालासोबत तो जीएम नसल्याचं निर्यातदार देशाच्या सरकारी यंत्रणेचं प्रमाणपत्र लागतं. नकळत झालेली सरमिसळ १ टक्क्यापर्यंत चालते.

हे प्रमाणपत्र बंदरावर तपासलं जातं. हातगाडीवरून अर्धा किलो परदेशी सफरचंद घेणाऱ्याला ते दिसत नाही, आणि स्टिकरवर तर त्याचा उल्लेखही नसतो.