वाट्याला न आलेली भूमी : ऑर्कांच्या धर्मकल्पनेचा इतिहास

एखाद्या कल्पित जमातीला धर्म बहाल करणे म्हणजे तिला बरेवाईट निवडण्याची क्षमता बहाल करणे होय, हे विधान वरवर पाहता निरुपद्रवी वाटते. ऑर्क या जमातीच्या बाबतीत मात्र ते अडचणीचे ठरते. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या अद्भुतिकेतून निघून, पुढे रोल-प्लेइंग गेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळांच्या पुस्तकांत ही जमात स्थिरावली, ती मुळात मारली जाण्यासाठीच निर्माण झालेली होती. नायकाने तलवार उगारावी आणि वाचकाच्या मनाला बोच लागू नये, एवढेच तिचे कथनातील कार्य. अशा जमातीला देव, पुराकथा, व्रते, पितर दिले की ती मारण्यायोग्य उरत नाही. आणि ती मारण्यायोग्य ठेवायची तर तिला दिलेला धर्म हा धर्म उरत नाही. या पेचातून खेळांच्या लेखकांनी गेल्या अर्धशतकात ज्या वाटा काढल्या, त्यांचा इतिहास कल्पित-धर्मरचनेच्या सैद्धान्तिक विचारासाठी महत्त्वाचा आहे. या वाङ्मयाकडे ‘करमणुकीचे साहित्य’ म्हणून पाठ फिरवणाऱ्या समीक्षेने तो अद्याप पुरेसा विचारात घेतलेला नाही.

पेचाचे मूळ टॉल्किन यांच्यातच आहे. दुष्ट शक्ती स्वतंत्र निर्मिती करू शकत नाही, ती केवळ विडंबन करू शकते, ही त्यांची कॅथॉलिक श्रद्धेशी सुसंगत भूमिका ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (१९५४-५५) पात्रांच्या तोंडून व्यक्त होते. मग ऑर्क आले कोठून? मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘द सिल्मरिलियन’मध्ये (१९७७) ते पकडून नेऊन विकृत केलेले एल्फ आहेत असे सुचवले जाते. परंतु आत्मा असलेली एक संपूर्ण जमात उद्धारापलीकडे गेलेली असू शकते काय, हा प्रश्न त्यांना अखेरपर्यंत छळत राहिला. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॉर्गॉथ्स रिंग’मधील टिपणांत ऑर्कांच्या उत्पत्तीविषयी परस्परांशी न जुळणारे अनेक तर्क आढळतात, ते त्यामुळेच.

टॉल्किन यांच्या ऑर्कांना धर्म नाही. भय आहे, मालक आहेत. पूजा दिसत नाही. नरबळी देणारे मेल्कॉरचे मंदिर त्यांच्या पुराकथेत उभारले जाते ते नुमेनॉरच्या माणसांकडून, ही बाब सूचक आहे. त्याहून सूचक आहे ‘द टू टॉवर्स’मधील शॅग्रॅट आणि गॉर्बॅग या दोन ऑर्कांचा संवाद. वरिष्ठांच्या जाचाला कंटाळलेले हे दोघे युद्ध संपल्यावर कोठेतरी दूर निघून जाण्याची भाषा करतात. आणि सोबत्याला तसाच टाकून गेलेल्या अज्ञात योद्ध्याविषयी तुच्छतेने बोलतात. सोबत्याला टाकून जाणे वाईट, हे ज्याला कळते त्याला नीतीची जाण आहे. त्या जाणिवेला आधार देणारी कोणतीही कथा त्याच्यापाशी नाही. ऑर्कांचा धर्म रचू पाहणाऱ्या पुढील प्रत्येक लेखकाने कळत-नकळत हीच रिकामी जागा भरली.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने (१९७४) ऑर्क उचलले ते टॉल्किन यांची शंका मागे सोडून. या खेळात प्रत्येक प्राण्याला त्याची नैतिक बाजू नेमून दिलेली असे. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ऑर्कांच्या नावापुढे ‘लॉफुल ईव्हिल’ अशी नोंद झाली. बाजू ही वजन-उंचीसारखी जातिगत बाब ठरल्यावर धर्माची गरज खरे तर उरू नये. ती उरली ती खेळाच्या यंत्रणेमुळे. पुजाऱ्याची मंत्रशक्ती देवतेकडून येते असा नियम असल्याने, ऑर्कांच्या पुजाऱ्यालाही कोणीतरी देव हवा होता. ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ (१९८०) या ग्रंथात एकाक्ष ग्रूम्श अवतरला तो या व्यवस्थेचा भाग म्हणून.

येथपर्यंत सर्व सरळ होते. १९८२ साली ‘ड्रॅगन’ मासिकाच्या ६२ व्या अंकात रॉजर मूर यांनी ऑर्कांची उत्पत्तिकथा सांगितली आणि सारे चित्र पालटले. कथा अशी : आरंभी सर्व देव एकत्र जमले आणि आपापल्या प्रजेने कोठे राहावे हे ठरवण्यासाठी त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. एल्फांना अरण्ये मिळाली, ड्वार्फांना पर्वत, नोमांना टेकड्या, हाफलिंगांना कुरणे; मानवांना कोठेही राहण्याची मुभा मिळाली. ग्रूम्शची पाळी आली तेव्हा काहीच उरले नव्हते. सारे देव हसले. तेव्हा ग्रूम्शने गर्जना केली की तुम्ही खोटे बोललात, आणि भाल्याने पर्वत फोडून, अरण्ये कुजवून, त्या भगदाडांत व उजाड रानांत आपल्या प्रजेची जागा असल्याचे घोषित केले.

या कथेतील हास्याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. चिठ्ठ्यांची वाटणी अन्यायाची होती की निव्वळ योगायोगाची, हे कथा ठरवत नाही. पण देवांचे हसणे ती विसरू देत नाही. मूर यांचा हेतू ऑर्कांना निर्दोष ठरवण्याचा नव्हता, त्यांची हिंसा समजण्याजोगी करण्याचा होता. तथापि, दुष्टपणाला कारण दिले की तो स्वभाव राहत नाही, प्रतिक्रिया होतो. आणि प्रतिक्रिया बदलता येते. ग्रूम्शच्या डोळ्याविषयीची गोष्टही अशीच बोलकी आहे. एल्फांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या देवाने, कोरेलनने, युद्धात त्याचा डोळा काढला; ऑर्कांचे पुजारी मात्र सांगतात की त्याला पहिल्यापासून एकच डोळा होता. एकाच घटनेच्या दोन पाठांतील हा तंटा खेळाला अनावश्यक होता. परंतु पुराकथा जिवंत असते ती अशा तंट्यांत.

मूर यांनी ग्रूम्शभोवती मांडलेले उर्वरित देवमंडळ त्या मानाने फिके आहे. बळाचा बाघ्ट्रू, रात्रीचा शारगास, रोगमृत्यूचा युर्ट्रस, स्त्रियांची लुथिक : ही सरकारी खात्यांसारखी वाटणी झाली. कल्पित धर्म रचताना सर्वाधिक घडणारी चूक हीच. जमातीचे गुण मोजायचे आणि गुणागणिक एक देव नेमायचा. अशा देवमंडळातून जमातीविषयी आधीच माहीत असलेले तेवढे कळते.

याच वर्षी आलेल्या ‘ट्रोलपाक’ची तुलना येथे उद्बोधक ठरते. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ग्लोरान्था या विश्वातील ट्रोल ऑर्क नव्हेत, पण कथनात त्यांची जागा तीच. स्टॅफर्ड आणि सँडी पीटरसन यांनी त्यांना पाताळातील एक सुखाचे आदिगृह दिले. वर जगात सूर्यदेव मारला गेला. मेलेला सूर्य पाताळात उतरला आणि त्याच्या तेजाने तेथील रहिवासी होरपळून निर्वासित झाले. जी घटना मानवांच्या पुराणात अंधाराचा आरंभ आहे, तीच ट्रोलांच्या पुराणात असह्य प्रकाशाचे आगमन आहे. त्यांची मुख्य देवता कायगर लिटॉर ही साऱ्या जमातीची आद्य माता. तिची उपासना म्हणजे कुळाशी नाते राखणे. पुढे एका शापाने ट्रोलांना खुरटी संतती होऊ लागली, आणि त्या संततीला ते स्वतःच हीन वागवतात. पीडितांच्या धर्मात पीडितांनी केलेल्या अन्यायालाही जागा असावी, हे भान इतक्या लवकर क्वचितच कोणी दाखवले.

पुराणातील पराभूतांच्या बाजूने कथा उलटी वाचण्याची ही रीत मराठी वाचकाला अपरिचित नाही. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) वामनावताराची कथा बळीच्या बाजूने वाचली, तेव्हा एका जिवंत समाजाचा इतिहासावरील हक्क पणाला लागला होता. ऑर्कांच्या वतीने दाद मागणारा कोणी ऑर्क अस्तित्वात नाही, त्यामुळे दोहोंना एका तागडीत घालणे सवंगपणाचे होईल. साम्य आहे ते वाचनाच्या पद्धतीत. मात्र ऑर्कांच्या वर्णनात वापरलेली ‘रानटी टोळ्यां’ची भाषा वासाहतिक वाङ्मयातून आली, ती खऱ्या माणसांविषयी वापरली गेली होती, हे हेलन यंग यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे, तेवढ्यापुरता हा प्रश्न कल्पित राहत नाही.

‘वॉरक्राफ्ट’ या संगणक-खेळाने (पहिला भाग १९९४, तिसरा २००२) निवडलेली वाट लोकप्रिय झाली आणि सैद्धान्तिक दृष्ट्या ती सर्वांत दुबळी आहे. येथे ऑर्क मुळात पंचतत्त्वांशी व पितरांशी संवाद साधणारे; असुरांचे रक्त प्यायल्याने ते उन्मत्त झाले, आणि थ्रॉल या नेत्याच्या काळात पुन्हा मूळ शमनधर्माकडे वळले. पापाचे ओझे बाहेरच्या विषावर टाकले आणि मूळ धर्म निष्कलंक ठेवला. दुष्ट रानट्याच्या जागी उदात्त रानटी आला, एवढाच फरक. त्यापेक्षा ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतील मालाकाथ अधिक गुंतागुंतीचा आहे. शत्रुदेवतेने गिळून बाहेर टाकलेला हा पूर्वीचा सन्मान्य देव, बहिष्कृतांचा आणि शपथांचा रक्षक होतो. अपमान हाच ज्याचा जन्म, असा देव मानणाऱ्यांना कठोर वचननिष्ठा का हवी, हे सांगावे लागत नाही.

कीथ बेकर यांच्या एबेरॉन या विश्वात (२००४) प्रश्नाची मांडणीच बदलली. तेथे देव प्रत्यक्ष वावरत नाहीत. त्यांचे अस्तित्व श्रद्धेचा विषय आहे. साहजिकच ऑर्कांचा निर्माता कोण, या प्रश्नातून त्यांचा स्वभाव काढण्याचा मार्ग बंद होतो. शॅडो मार्चेस या दलदलीतील ‘गेटकीपर’ पंथाचे ऑर्क द्रुइड हजारो वर्षांपूर्वी एका काळ्या ड्रॅगनकडून विद्या शिकले, आणि उन्मादाच्या जगातून आलेले आक्रमण त्यांनी द्वारे बंद करून थोपवले. त्या मुद्रा शाबूत राखणे हीच त्यांची उपासना. बाकीच्या जगाला बहुतांशी याची कल्पनाही नाही. त्याच दलदलीत, त्याच आक्रमकांच्या छायेला भजणारे पंथही आहेत, आणि त्यांतही ऑर्क आहेत. उत्तरेकडील डीमन वेस्ट्समध्ये घाश्काला नावाचे ऑर्क असुरांची वाट अडवून उभे असतात. ते ज्या कलोक शाश या बंधनकारी ज्योतीला मानतात, तीच शक्ती सुसंस्कृत राष्ट्रांत सिल्व्हर फ्लेम या नावाने, मोठमोठ्या मंदिरांतून पूजिली जाते. घाश्कालांची निष्ठा त्या चर्चच्या स्थापनेहून कितीतरी जुनी. त्यांच्यासमोर असुरपूजक टोळ्या आहेत त्या प्रामुख्याने मानवांच्या.

बेकर यांची रचना केवळ उलटापालटीवर थांबती, तर तिचे मोल मर्यादित राहिले असते. येथे ऑर्क चांगले आहेत म्हणून त्यांचा देव चांगला, असा हिशेब नाही. त्यांच्याकडे पार पाडायचे एक काम आहे, त्या कामाची किंमत आहे, आणि ते नाकारणारे त्यांच्यातच आहेत. धर्मात पाखंडाला जागा झाली की श्रद्धाळूपणा हा निर्णय ठरतो. घाश्काला आपली सीमा ओलांडून असुरभूमीत गेलेल्याला परत येऊ देत नाहीत. हा नियम क्रूर आहे की आवश्यक, यावर खेळणाऱ्यांना वाद घालता येतो. ‘जन्मतः दुष्ट’ जमातीविषयी असा वाद संभवतच नाही.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकांनी २०२० मध्ये ऑर्कांच्या चित्रणातील वांशिक छटांची जाहीर दखल घेतली. २०२४ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये ऑर्क खेळाडूंच्या मूलभूत जमातींत आले आणि २०२५ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधून त्यांची स्वतंत्र नोंद गेली. हा बदल स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत नसावे. मात्र हँडबुकातील काही ओळींच्या परिचयात ग्रूम्श आता मोकळ्या प्रदेशांतून भटकणारा सामर्थ्यशाली देव आहे. त्याने आपल्या लेकरांना विस्तीर्ण मैदाने, गुहा आणि खवळलेले समुद्र ओलांडण्यासाठी सहनशक्ती, निर्धार आणि अंधारात पाहण्याची दृष्टी दिली. ते दुसऱ्या देवांकडे वळले तरी या देणग्या त्यांच्याजवळ राहतात. देव उदार झाला. चिठ्ठ्या, रिकामा राहिलेला हात आणि हसणारे देव यांचा त्या ओळींत उल्लेख नाही.